घडीची मच्छरदाणी आणि तिची कड

पॉप-अप मच्छरदाणी उघडायला कुणालाच शिकवावं लागत नाही. पिशवीची चेन ओढायची, आतली चपटी चकती काढायची, पट्टा सोडायचा आणि हात मागे घ्यायचा. क्षणात माणूसभर लांबीची कमान उभी राहते आणि शेजारची पोरं टाळ्या वाजवतात. खरा तमाशा दुसऱ्या दिवशी सकाळी असतो. पवनेच्या काठावर, दापोलीकडच्या एखाद्या घरगुती मुक्कामाच्या अंगणात किंवा काजव्यांच्या दिवसांत भंडारदऱ्याला, आवराआवरीच्या वेळी एक दृश्य हमखास दिसतं. तीन मोठी माणसं आणि एक जाळी. एक जण गुडघ्याने कडी दाबतोय, दुसरा मोबाइलवर व्हिडिओ लावून बघतोय आणि तिसरा म्हणतोय, ‘‘राहू द्या हो, तशीच टाका डिकीत.’’ बहुतेक वेळा तिसऱ्याचंच ऐकलं जातं. डिकीत कोंबलेली तार वाकते, शिवण उसवते आणि पुढच्या सहलीला जाळीचा एक कोपरा जमिनीपासून दोन बोटं वर राहतो. डासाला तेवढं पुरतं.

मच्छरदाणी विकत घेताना आपण कापड बघतो, रंग बघतो, ‘किती माणसांची’ ते विचारतो. तिचं खरं काम मात्र कडेला चालतं. जाळी जमिनीला कुठे टेकते, चेन कुठे संपते, तार कुठे शिवणीत शिरते आणि झोपलेल्या माणसाचं कोपर जाळीपासून किती लांब आहे, यावर रात्र कशी जाणार ते ठरतं. पॉप-अप प्रकारात या कडा सांभाळण्याचं काम जवळपास सगळं त्या तारेवर सोपवलेलं असतं. म्हणून आधी तारेकडे बघू.

ही तार स्प्रिंग स्टीलची असते, म्हणजे कार्बन जास्त असलेल्या आणि पाणी देऊन कडक केलेल्या पोलादाची. काही जाळ्यांत तिच्याऐवजी फायबरग्लासची काडी असते. साधी लोखंडी तार वाकवली की वाकलेलीच राहते. स्प्रिंग स्टील बरंच वाकवलं तरी मूळ आकाराकडे परत येतं, आणि वाकवताना आपल्या हातांनी लावलेला जोर तोवर त्यात साठून राहतो. पट्टा सुटला की तो सगळा एकदम बाहेर पडतो. म्हणूनच जाळी नेहमी हातभर अंतरावर, तोंड दुसरीकडे करून आणि पोरांना मागे उभं करून उघडावी. तारेचा फटका डोळ्याला बसू शकतो. तंबूच्या आत किंवा खोलीत पंख्याखाली तर ती मुळीच उघडू नये.

आता घडीचं कोडं. तारेची बंद कडी मिटवताना तिचे दोन फेरे करायला गेलात तर ती बसत नाही. तीन फेरे मात्र सहज होतात. मोटारीच्या काचेवरचा चंदेरी पडदा, फोटोग्राफरचा गोल रिफ्लेक्टर, लाकूड कापायच्या करवतीचं अखंड पातं, या सगळ्यांच्या घड्या तीन फेऱ्यांच्याच. कारण असं की कडीवर एक वळसा पाडला की तार एका जागी स्वतःवरून जाते आणि तिच्यात एक पीळ बसतो. दोनच फेरे केले तर हा पीळ तारेत अडकून राहतो आणि सुटायला धडपडतो. तीन फेऱ्यांत तार स्वतःवरून दोनदा जाते. या दोन वळशांचे पीळ परस्परविरुद्ध दिशांचे असले की एकमेकांना खोडून काढतात आणि तार शांत पडून राहते. बेल्जियममधल्या लूवेन विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी २०१२ साली याच विषयावर शोधनिबंध लिहिला. प्रमाणापेक्षा जास्त बाक दिलेल्या कड्या कशा मुरडतात आणि मिटतात याचं गणित त्यांनी मांडलं, आणि उदाहरणांमध्ये पॉप-अप तंबूही घेतले. तीन फेऱ्यांमुळे चकतीचा व्यास मूळ कडीच्या सुमारे एक तृतीयांश होतो. दीड मीटरची कडी साधारण अर्ध्या मीटरच्या पिशवीत जाते ती अशी.

हे गणित कळलं की सकाळचा तमाशा निम्म्याने कमी होतो. हाताला फार जोर लागतोय याचा अर्थ दिशा चुकली. तुमची ताकद कमी पडतेय असा त्याचा अर्थ नाही. दुसरा वळसा पहिल्याच दिशेने पाडला की पीळ खोडला जाण्याऐवजी दुप्पट होतो, आणि तार तुमच्याशी भांडते.

घडी घालताना पहिल्यांदा आतलं सगळं बाहेर काढा, जाळी उलटी धरून झटका आणि चेन लावा. अगदी शेवटपर्यंत नको, वीतभर उघडी ठेवा. नाहीतर आत कोंडलेली हवा आपली घडी फुगवते, विशेषतः तळाला जाड कापड असेल तर. मग कमानीच्या सगळ्या कड्या एका बाजूला आणून एकावर एक अशा बसवा, की समोर एकच चपटी लांबट कडी दिसेल. बहुतेकांचं इथेच बिनसतं. कड्या नीट न जुळवताच माणसं मुरडायला लागतात. जुळलेली कडी जमिनीवर आपल्यासमोर उभी धरा. दोन्ही हातांनी वरचं टोक पकडा आणि ते खाली, आपल्यापासून लांब, जमिनीकडे वाकवा. बाजू आपोआप फुगतील आणि वरचं टोक आत वळायला लागेल. आता एक हात तसाच ठेवून दुसऱ्या हाताचा तळवा वर फिरवा. मराठी चारचा आकडा आडवा पडल्यासारखा वळसा दिसला की दोन्ही बाजूंचे फेरे एकमेकांवर सरकू द्या. ‘सरकू द्या’ हे मुद्दाम म्हणतो आहे, कारण या टप्प्यावर तार स्वतःच जागा शोधते, आपण फक्त तिला सुटू द्यायचं नसतं. तीन फेरे एकावर एक बसले की लगेच पट्टा लावा. घरी, हॉलमध्ये, उजेडात चार-सहा वेळा ही घडी घालून पाहिली तर हात शिकतात. कॅम्पच्या सकाळी, निघायची घाई असताना पहिल्यांदा शिकायला जाऊ नये.

पाठीवर सॅक घेऊन चढायचं असेल, तर पॉप-अप घेऊच नका. साधी चकती अर्धा-पाऊण मीटरची आणि वजन किलो-दोन किलो. कारवीच्या रानात ती दर दहा पावलांवर अडकते आणि सॅकला बाहेरून बांधली की फडकते. रतनगडाच्या गुहेत किंवा राजगडावर पद्मावतीच्या देवळात मुक्काम करणाऱ्या ट्रेकरला चार दोऱ्यांवर टांगायची चौकोनी मच्छरदाणीच बरी. ती मुठीएवढी होते आणि तिच्या दोऱ्या काठीला, खांबाला, जुन्या खिळ्याला कुठेही बांधता येतात. पॉप-अपचं राज्य मोटारीने पोहोचता येईल तिथपर्यंत. नदीकाठचा कॅम्प, गच्ची, मामाच्या गावचं अंगण, शेतातलं खोपट, शाळेचा व्हरांडा.

जाळी म्हणजे डास बाहेर, असं आपण गृहीत धरतो. जाळीला मात्र आत-बाहेर कळत नाही. १८९७ च्या ऑगस्टमध्ये सिकंदराबादला रोनाल्ड रॉस यांनी मच्छरदाणी नेमकी उलट वापरली. मलेरियाच्या रुग्णाला त्यांनी मच्छरदाणीत झोपवलं आणि डास आत सोडले. चावणाऱ्या प्रत्येक डासामागे रुग्णाला एक आणा मिळायचा. त्यांपैकीच एका डासाच्या जठरात २० ऑगस्टला रॉस यांना मलेरियाचे परजीवी दिसले, आणि पुढे १९०२ साली त्यांना नोबेल मिळालं. रॉस यांची जाळी डासाला आत ठेवत होती. आपलीही ठेवते, जर आपण ती दुपारी उघडून, दार सताड उघडं टाकून, संध्याकाळी नुसती चेन लावली तर. पॉप-अप कमान उभी झाल्याबरोबर चेन बंद करायची, आणि अंधार पडण्याआधी टॉर्च लावून आतल्या शिवणी, वरचा बाक, उशीमागचा कोपरा बघून घ्यायचा. डास दिवसा अशाच आडोशाला बसून राहतात.

डास बाहेर ठेवणाऱ्या जाळीचा पुरावाही मिळाला तो एका कॅम्पवजा मुक्कामातूनच. १९०० सालच्या उन्हाळ्यात लंडनचे डॉक्टर पॅट्रिक मॅन्सन यांच्या पुढाकाराने लुइजी सांबोन आणि जॉर्ज कार्मायकेल लो हे दोघे डॉक्टर रोमजवळच्या ओस्तियाच्या दलदलीत राहायला गेले. तो भाग मलेरियासाठी कुप्रसिद्ध होता. दिवसभर ते मोकळे फिरत, तिथलंच पाणी पीत, तिथलीच हवा घेत. क्विनीन घेतलं नाही. नियम एकच, सूर्यास्ताआधी जाळीदार खिडक्या-दारांच्या लाकडी झोपडीत शिरायचं आणि सकाळपर्यंत बाहेर पडायचं नाही. आजूबाजूचे लोक तापाने फणफणत असताना हे दोघे ठणठणीत राहिले. त्याच वर्षी रोमहून लंडनला पाठवलेल्या संसर्गित डासांनी मॅन्सन यांच्या मुलाला चावून त्याला मलेरिया दिला. दलदलीतली ‘खराब हवा’ ताप आणते हा जुना समज या दोन गोष्टींनी मिळून मोडीत काढला. आजच्या कॅम्पवाल्यांनी त्यातून घ्यायचं ते वेळापत्रक. ते दोघे ‘झोपताना’ आत गेले नाहीत, सूर्यास्ताआधी गेले. आपण शेकोटीभोवती गाणी म्हणत रात्री अकरापर्यंत उघड्या पायांनी बसतो आणि मग मच्छरदाणीत शिरतो. तोवर डासांचं जेवण उरकलेलं असतं.

अर्थात सगळे डास रात्रीचे नाहीत. मलेरिया पसरवणारा ॲनोफिलीस आणि हत्तीरोग व जपानी मेंदूज्वराशी जोडलेला क्युलेक्स हे मुख्यतः अंधारात चावतात. डेंग्यू आणि चिकुनगुन्याचा एडिस दिवसा चावतो, त्यातही सकाळी आणि सूर्य मावळायच्या आधी. म्हणून कॅम्पवर दुपारची डुलकी काढणाऱ्या लहान मुलांसाठी मच्छरदाणी रात्रीइतकीच उपयोगी. चावते ती फक्त मादी, आणि आपल्या उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड, अंगाची ऊब आणि घामाचा वास यांच्या मागावर ती येते. उच्छ्वास जाळीतून बाहेर जातोच. त्यामुळे मादी येणार, जाळीवर बसणार आणि फट शोधणार, हे धरूनच चालायचं.

भोकं किती बारीक हवीत? जागतिक आरोग्य संघटनेने मान्य केलेलं जुनं प्रमाण चौरस इंचाला १५६ भोकांचं, म्हणजे एका बाजूला १२ आणि दुसऱ्या बाजूला १३. दुकानात लेबलावर विश्वास ठेवण्यापेक्षा पुठ्ठ्यात एक इंचाचा चौकोन कापून न्यावा आणि सरळ मोजावं. दुकानदार हसला तर हसू द्या. एवढ्या भोकातून डास जात नाही. वाळूमाशी मात्र जाते. ती डासाच्या निम्म्याहून लहान असते, मातीच्या भिंतींच्या भेगांत राहते आणि टुणटुण उडत येते. नागपूरजवळच्या चांदीपुरा गावावरून ज्याचं नाव पडलं, तो १९६५ साली वेगळा केलेला विषाणू वाळूमाश्यांमार्फतच पसरतो. विदर्भात जुन्या मातीच्या वाड्यात किंवा गोठ्याजवळ मुक्काम असेल, किंवा खाडीकाठी जिथे संध्याकाळी डोळ्यांना न दिसणारी चिलटं चावून हैराण करतात, तिथे याहून पुष्कळ बारीक विणीची जाळी लागते. तिच्यात वारा कमी येतो. एप्रिलमधल्या चंद्रपुरात तो सौदा सोपा नाही.

मच्छरदाणीच्या इतिहासातला माझा आवडता उल्लेख हिरोडोटसचा आहे. ख्रिस्तपूर्व पाचव्या शतकातल्या या ग्रीक इतिहासकाराने लिहिलंय की नाईलच्या दलदलीत राहणारे लोक दिवसा ज्या जाळ्याने मासे पकडत, तेच रात्री अंथरुणाभोवती लावून झोपत. कापड पांघरलं तर डास त्यातून चावतात, जाळ्यातून मात्र प्रयत्नही करत नाहीत, असं तो सांगतो. मासे पकडायच्या जाळ्याच्या भोकांतून डास सहज उडून गेला असता असं वाटतं, म्हणून अभ्यासक या ओळीवर अजून डोकं खाजवतात. हिरोडोटसच्या वाक्याचा पहिला भाग मात्र आजही खरा आहे. अंगाला चिकटलेल्या कापडातून डास चावतो. आणि अंगाला चिकटलेल्या जाळीतूनही.

मच्छरदाणीत झोपूनही लोकांना डास चावतात, त्याचं हे सर्वात साधं कारण. टांगलेल्या चौकोनी जाळीच्या भिंती उभ्या असतात, पॉप-अपची कमान तळाकडे तिरकी उतरते. दोन माणसांच्या जाळीत खरं तर दीड माणूस मावतो. कडेला झोपलेल्याचं कोपर, गुडघा किंवा पायाचा अंगठा रात्रभर जाळीला टेकलेला असतो. अंथरूण मधोमध घाला, कडेने वीतभर जागा सोडा आणि त्या जागेत सामानाची पिशवी, चादरीची वळकटी असं काही ठेवा, म्हणजे झोपेत कुशीवर वळलं तरी अंग जाळीपर्यंत जाणार नाही. उंच माणसाने लांबीची फिकीर आधी करावी. जाळी सहा फुटांची आणि माणूसही सहा फुटांचा, हे जमत नाही.

आता तळ. पॉप-अप जाळ्या दोन जातींच्या. एक पलंगावर ठेवायची, बिनतळाची. दुसरी तळ शिवलेली. दुकानात पहिली थोडी स्वस्त पडते. कॅम्पला ती नेऊ नये. मोकळ्यावर जमिनीवरून येणारे पाहुणे डासांपेक्षा जड असतात. मण्यार रात्री हिंडते आणि जमिनीवर झोपलेल्यांना चावते. तिचा दंश पुष्कळदा दुखतही नाही. पहाटे पोटात कळा, पापण्या जड, आणि काय झालं ते कळेपर्यंत उशीर. नेपाळच्या आग्नेय भागात झालेल्या एका अभ्यासात मच्छरदाणीत झोपणाऱ्यांना सर्पदंशाचा धोका कमी असल्याचं दिसलं. जाळी सापाला अडवते ती तिच्या ताकदीने नव्हे, तिला फट नसते म्हणून. कोकणात लाल विंचू आहे. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी १९८० च्या दशकात प्राझोसिनचा उपयोग दाखवून देईपर्यंत त्याच्या दंशाने मृत्यू येणं ही सर्रास गोष्ट होती. विंचू जाळीत शिरण्यापेक्षा बाहेर काढून ठेवलेल्या बुटात शिरतो, म्हणून बूट पिशवीत घालून जाळीच्या आत घ्यावेत, आणि सकाळी तरीही झटकून घालावेत.

डोळ्यांना सहजी न दिसणारे तर आणखी वाईट. सिंधुदुर्गात दोडामार्ग-सावंतवाडीच्या पट्ट्यात २०१६ पासून आणि गोव्यात सत्तरी तालुक्यात माकडतापाचे रुग्ण आढळले आहेत. १९५७ साली शिमोग्याजवळच्या क्यासनूरच्या जंगलात ओळखला गेलेला हा आजार गोचिडींमार्फत येतो. हिवाळा ते पावसाळ्याआधीपर्यंत, म्हणजे नेमक्या कॅम्पिंगच्या हंगामात, पालापाचोळ्यात गोचिडींची पिल्लं असतात. विदर्भात २०१८ साली स्क्रब टायफसची साथ आली, तो गवतातल्या अतिसूक्ष्म कोळीवर्गी किड्यांमुळे होतो. या सगळ्यांना उडता येत नाही. ते चढतात. शिवलेला तळ आणि पूर्ण बंद होणारी चेन हाच त्यांच्यासाठीचा दरवाजा, आणि आपण अंगावरून, कपड्यांवरून त्यांना आत आणलं तर तोही निरुपयोगी. रानातून आल्यावर कपडे बदलूनच जाळीत शिरा.

बिनतळाचीच जाळी हाताशी असेल तर ताडपत्री किंवा जाड चटई जाळीपेक्षा मोठी अंथरा, जाळीची झालर आतल्या बाजूला दुमडून गादीखाली चारी बाजूंनी दाबा. ‘तीन बाजूंनी’ दाबलेली जाळी ही मच्छरदाणी नसते.

जागा निवडताना पाणवठ्यापासून, साचलेल्या डबक्यापासून आणि भातखाचरापासून लांब जावं. जमिनीवरचे खडे आणि बाभळीचे काटे हाताने वेचून मगच ताडपत्री टाकावी, कारण काटा तळातून आधी शिरतो आणि मग पाठीत. पॉप-अपला खुंट्या क्वचित असतात. जाळी आरपार असली तरी वाऱ्याला ती पुरेशी अडवते, आणि रिकामी कमान किनाऱ्यावर बघता बघता लोळत जाते. चार कोपऱ्यांना आतून पाण्याच्या बाटल्या ठेवल्या की भागतं. दगड ठेवू नका, तळ फाटतो.

जाहिरातींत ही जाळी नेहमी चांदण्याखाली उघड्यावर दाखवतात. फोटो काढणारा मध्यरात्रीनंतर घरी गेलेला असतो. डिसेंबरात सह्याद्रीच्या पठारावर आकाश निरभ्र असलं की दव पडतं, जाळीच्या भोकांत पाण्याचे पडदे धरतात, आतली हवा कोंडते आणि पहाटे हात लागला तरी टपटप पाणी गळतं. वर काहीतरी छत हवंच. झाडाखाली पानांचं टपटपणं आणि पक्ष्यांची शिट असते, पण दव कमी. व्हरांडा असेल तर प्रश्नच मिटला.

जाळीजवळ विस्तव नको. पॉलिएस्टर वितळून थेंबांसारखं गळतं, आणि तो थेंब कातडीला चिकटतो. मच्छर अगरबत्ती आत लावून चेन बंद करणारी माणसं आहेत. धुरात झोपणं आणि जाळी पेटण्याची भीती, दोन्ही एकाच वेळी कशासाठी घ्यायची ते त्यांनाच ठाऊक. शेकोटी वाऱ्याच्या खालच्या अंगाला आणि पुरेशी लांब. उडालेली एक ठिणगी जाळीला नखाएवढं भोक पाडते आणि ते रात्री दिसत नाही.

बाजारातल्या बहुतेक पॉप-अप जाळ्यांना औषध लावलेलं नसतं. सरकारी आरोग्य केंद्रांतून वाटल्या जातात त्या जाळ्या वेगळ्या. त्यांच्या धाग्यात किंवा धाग्यावर डेल्टामेथ्रिन, परमेथ्रिनसारखं पायरेथ्रॉइड कीटकनाशक असतं, ते सुमारे वीस धुण्यांपर्यंत आणि साधारण तीन वर्षं टिकावं अशी अपेक्षा असते. आफ्रिकेत २००० ते २०१५ या काळात मलेरियाची जी सुमारे ६६ कोटी प्रकरणं टळली असं गणित मांडलं गेलं, त्यातला दोन तृतीयांशांहून मोठा वाटा अशा जाळ्यांचा होता. औषधाच्या जाळीला भोक पडलं तरी तिच्यावर बसलेला डास मरण्याची शक्यता असते. साध्या जाळीकडे ही दुसरी संधी नाही. तिचं भोक म्हणजे भोकच.

धुण्याकडे वळू. पॉप-अप जाळी मशीनमध्ये घालू नये, तार ड्रमला आणि ड्रम तारेला खातो. न्हाणीघरात उघडून, साध्या साबणाच्या कोमट पाण्याने आणि मऊ ब्रशने खालून वर घासावी, विशेषतः तळाची कड, जिथे चिखल आणि पावलांची घाण बसते. ब्लीच नको. औषधाची जाळी असेल तर उन्हात वाळवू नका, ऊन औषध मारतं. तिचं धुवट पाणीही ओढ्यात किंवा विहिरीकडे सोडू नये, माशांना ते घातक आहे. साधी जाळी उन्हात घातली तरी चालते, पण वर्षानुवर्षं कडक ऊन खाल्लं की पॉलिएस्टर ठिसूळ होतं. सावली बरी.

कोकणातून परत आल्यावर जाळीला गोड्या पाण्याची आंघोळ हवीच. मिठाचे कण तारेच्या नेफ्यात शिरतात आणि स्प्रिंग स्टील, कार्बन जास्त असल्याने, झटकन गंजतं. गंज सुरू होतो तो तारेची दोन टोकं जिथे छोट्या नळीत जोडलेली असतात तिथे. बोटांनी नेफा चाचपला की ही गाठ लागते. तिथे तांबूस डाग दिसला किंवा कुरकुर ऐकू आली तर शिवण थोडी उसवून नळी पुसावी, घरातल्या शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब सोडावा, जास्तीचं तेल टिपून घ्यावं आणि नळीवर कापडी पट्टी गुंडाळून नेफा परत शिवावा. तुटलेलं टोक उघडं राहिलं तर ते आधी जाळी फाडतं, मग बोट. फायबरग्लासच्या काडीचं वेगळंच. ती गंजत नाही, पण चिरली की तिची कुसं हातात शिरतात. चिरलेल्या काडीला हातमोज्याशिवाय हात लावू नये.

चेनचं दुखणं रेतीचं. दात टूथब्रशने कोरडे झाडावेत, मेणबत्तीचा तुकडा दोन्ही बाजूंनी फिरवावा. तेल लावलं की त्यात रेती चिकटते आणि दात आणखी झिजतात. चेन लावली तरी मागून उघडत असेल तर बहुधा दात शाबूत असतात, रनर सैल झालेला असतो. पकडीने रनरच्या दोन्ही कडा किंचित, अगदी किंचित दाबल्या की वर्षभर काम भागतं. गल्लीतला बॅगवाला नवा रनर घालून देतो, तो मार्ग जास्त भरवशाचा.

आणि भोकं. मच्छरदाणी मोडीत काढावी की नाही हे ठरवायला जागतिक आरोग्य संघटनेची एक शहाणी पद्धत आहे. भोकाचं माप शरीराने घ्यायचं. अंगठा जाईल एवढं भोक, मूठ जाईल एवढं आणि डोकं जाईल एवढं. अंगठ्याच्या भोकाला १ गुण, मुठीच्या भोकाला २३, डोक्याच्या भोकाला १९६, त्याहून मोठ्याला ५७६. बेरीज ६४ पर्यंत असेल तर जाळी चांगली, ६४२ च्या वर गेली तर टाकायची. मुठीएवढं एक भोक अंगठ्याएवढ्या तेवीस भोकांइतकं वाईट, हे एकदा डोक्यात बसलं की माणूस छोटी भोकं वेळेवर शिवायला लागतो. चांगल्या जाळ्या अशा विणीच्या असतात की एक धागा तुटला तरी वीण पुढे उसवत जात नाही. म्हणून घाईने गाठ मारून जाळी चुणवू नये. चुणी ओढ आणते आणि बाजूला नवं भोक पडतं. जुन्या जाळीचा तुकडा भोकाहून बोटभर मोठा कापून पॉलिएस्टरच्या दोऱ्याने कडेने टाके घालावेत. सेलोटेप आणि चिकटपट्टी पहिल्या धुण्यापर्यंतच.

ठेवताना जाळी पूर्ण कोरडी हवी. जूनच्या पहिल्या आठवड्यात ओलसर बांधलेली जाळी ऑगस्टात उघडली तर नेफ्यावर बुरशीचे काळे ठिपके आणि कुबट वास असतो, आणि तो वास परत निघत नाही. डांबरगोळ्यांची गरज नाही. कसर लोकर-रेशीम खाते, पॉलिएस्टरच्या वाटेला जात नाही. उंदीर मात्र जातात, आत सांडलेल्या फरसाणाच्या वासाने. स्प्रिंग स्टील महिनोन्‌महिने मिटलेलं राहिलं तरी सहसा बिघडत नाही, पण चकतीवर सुटकेसेसचा ढीग रचला तर कडी आकार सोडते.

निरुपयोगी झालेली जाळी तशीच कचऱ्यात टाकू नये. पट्टा लावलेल्या तीन फेऱ्यांना दोन-तीन ठिकाणी सुतळीने घट्ट बांधा आणि बांधलेलीच भंगारवाल्याला द्या. तार कापायचीच असेल तर चष्मा घालून, बांधलेल्या अवस्थेत, कारण कापलेलं टोक उसळतं. साध्या जाळीचं कापड मात्र वाया जात नाही. गच्चीवर कुरडया-पापड वाळत घालताना माश्यांपासून झाकायला ते उत्तम. औषध लावलेली जाळी यासाठी कधीही वापरू नये, आणि ओढ्यात मासे धरायलाही नाही.